जोर, दंड आणि मणिबंध : व्यायामजन्य मनगटदुखीचा विचार

जालना जिल्हा आणि बलोपासना यांचे नाते जुने आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). मारुतीचे मंदिर आणि त्याच्या शेजारी तालीम ही जोडी आपल्याकडील अनेक गावांत आजही दिसते. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धा जालना शहरात झाली. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ येथेच आहे. पहाटे शहराबाहेरील रस्त्यांवर व मैदानांवर भरतीची तयारी करणारे तरुण धावताना आणि धावून झाल्यावर जोर काढताना दिसतात. हेच तरुण काही आठवड्यांनी मनगट धरून आपल्या चिकित्सालयात येतात, किंवा त्याहीपूर्वी औषधालयाच्या काउंटरवर येऊन ‘दुखण्यावर एखादे तेल द्या’ असे म्हणतात.

दोन्ही ठिकाणी त्यांना बहुधा तेल आणि गुग्गुळ मिळते व ते परत जाऊन पूर्वीप्रमाणेच जोर काढू लागतात. दुखणे थोडे शमते, पुन्हा उठते. याचे कारण उघड आहे. निदानपरिवर्जन म्हणजे हेतूचा त्याग हे चिकित्सेचे पहिले सूत्र येथे वगळले जाते. या दुखण्याचा हेतू बहुतेक वेळा हात टेकण्याच्या पद्धतीत आणि वाढवलेल्या संख्येत असतो. तो दूर केल्याशिवाय औषधाचा गुण टिकत नाही. प्रस्तुत लेखात या हेतूची ओळख, तपासणीतील धोक्याची लक्षणे, चिकित्सा आणि जोर काढण्याची निर्दोष पद्धत यांचा क्रमाने विचार केला आहे.

मणिबंध : शास्त्रीय दृष्टी

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील सहाव्या अध्यायात १०७ मर्मांचे वर्णन आहे. परिणामानुसार त्यांचे पाच प्रकार केले आहेत : सद्यःप्राणहर १९, कालांतरप्राणहर ३३, विशल्यघ्न ३, वैकल्यकर ४४ आणि रुजाकर ८. मणिबंध हे संधिमर्म असून त्याचे प्रमाण दोन अंगुळे सांगितले आहे आणि त्याची गणना रुजाकर मर्मांत होते. आठ रुजाकर मर्मांपैकी दोन मणिबंध, दोन गुल्फ आणि चार कूर्चशिर आहेत. कूर्चशिर हे हातामध्ये मणिबंधाच्या लगेच खाली, म्हणजे तळहाताच्या टाचेच्या भागात येते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तळहात जमिनीवर सपाट टेकून जोर काढणाऱ्याच्या शरीराचा भार ज्या जागेवर पडतो तेथे दोन्ही हातांची मिळून चार रुजाकर मर्मे आहेत. म्हणजे संपूर्ण शरीरातील आठांपैकी निम्मी. कूर्चशिराच्या आघाताने रुजा व शोफ होतो आणि मणिबंधाच्या आघाताने हाताला कुंठता येते, असे सुश्रुताचे निरीक्षण आहे. साधा भार म्हणजे मर्माघात नव्हे, हे खरे. परंतु या प्रदेशात वेदना का चटकन उठते आणि का रेंगाळते, याचे सूचन या वर्गीकरणात आहे. रुजाकर मर्मांत अग्नी व वायू यांच्या गुणांचे आधिक्य मानले आहे. ताज्या दुखापतीत दाह-शोथ आणि जुन्या दुखण्यात शूल-स्तंभ ही दोन्ही रूपे आपण रोज पाहतो.

मणिबंधाची गणना कोर संधींत, म्हणजे बिजागरीप्रमाणे हलणाऱ्या संधींत केली आहे. आधुनिक शारीरानुसार येथे आठ लहान अस्थी दोन ओळींत बसलेल्या आहेत. अंगठ्याच्या बाजूचा बहिःप्रकोष्ठास्थी या सांध्यावरील भाराचा मोठा वाटा, साधारण चार-पंचमांश, पेलतो. करंगळीच्या बाजूस अंतःप्रकोष्ठास्थी व मणिबंध यांच्यामध्ये तरुणास्थीची त्रिकोणी चकती असते. तिच्यावर उरलेला भार येतो.

भाराचे गणित

पूर्ण पुश-अपमध्ये दोन्ही हातांवर मिळून शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार येतो. ६० किलो वजनाच्या तरुणाच्या प्रत्येक मनगटावर म्हणजे साधारण २० किलो. तोच तरुण गुडघे टेकून व्यायाम करील तर दोन्ही हातांवर मिळून वजनाचा सुमारे निम्मा भार येतो. हात दोन फूट उंच ओट्यावर ठेवील तर तो सुमारे दोन-पंचमांशापर्यंत उतरतो. उलट पाय उंचावर ठेवल्यास तो तीन-चतुर्थांशाच्या जवळ जातो.

भारापेक्षाही महत्त्वाचा आहे कोन. मनगट स्वतःच्या बळाने मागे वाकवले तर ते साधारण ६० ते ७० अंश वाकते. तळहात सपाट आणि अग्रबाहू उभा ठेवला की हा कोन ९० अंशांच्या जवळ जातो. म्हणजे स्वाभाविक मर्यादेच्या पलीकडचे वाकणे शरीराच्या भारानेच घडवले जाते. त्यावेळी मनगटाच्या पृष्ठभागी अस्थी एकमेकींवर दाबल्या जातात आणि तळहाताकडील स्नायुबंध ताणले जातात. ‘मनगटाच्या वरच्या बाजूला मधोमध दुखते’ ही तक्रार बहुधा याचीच असते.

आपल्या तालमीतील जोर आणि कवायतीतील पुश-अप यांत येथे फरक करावा लागतो. पुश-अपमध्ये शरीर फळीसारखे सरळ राहून खाली-वर होते. जोरामध्ये ते कमानीने फिरते. कंबर उंच असते तेव्हा अग्रबाहू तिरपा असल्याने मनगटाचा कोन कमी असतो. परंतु छाती खालून सरकून पुढे वर येते त्या शेवटच्या टप्प्यात खांदे हातांच्या पुढे जातात आणि कोन ९० अंशांहून अधिक होतो. सूर्यनमस्कारातील भुजंगासनातही हात छातीच्या फार खाली राहिल्यास हेच घडते. म्हणून रुग्णाला ‘जोर काढताना दुखते का’ एवढेच न विचारता ‘कोणत्या टप्प्यावर दुखते’ असे विचारावे. शेवटच्या टप्प्यावरच दुखत असेल तर संपूर्ण व्यायाम बंद करण्याची गरज नसते. तो टप्पा काही काळ वगळणे पुरेसे होते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक हेतू जोडीला असतो. भरतीची तयारी करणारे बहुतेक तरुण शेतकरी कुटुंबातील असतात. दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी कापूसवेचणी, मोसंबीच्या बागेतील काम किंवा स्टीलच्या कारखान्यातील पाळी करून ते मैदानावर येतात. त्यांचे मनगट व्यायामापूर्वीच थकलेले असते. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत धावण्याबरोबर गोळाफेकही आहे. गोळा मानेजवळ धरताना मनगट मागे वाकतेच. दिवसभराचे हे सर्व श्रम एकत्र मोजले पाहिजेत.

अर्धशक्तीचा नियम

व्यायामाने लाघव, कर्मसामर्थ्य, दीप्ताग्नी व मेदक्षय होतो, परंतु बलवान व स्निग्धभोजी मनुष्यानेही तो शीत व वसंत ऋतूंत अर्ध्या शक्तीनेच करावा आणि इतर ऋतूंत त्याहून कमी, असे अष्टांगहृदयाच्या दिनचर्या अध्यायात सांगितले आहे. कपाळ, नाक, काखा व सांध्यांवर घाम येणे, तोंडाला कोरड पडणे आणि श्वास तोंडावाटे सुरू होणे ही अर्धशक्तीची खूण मानली जाते. ‘आज शंभर, उद्या सव्वाशे’ अशी पैज लावणाऱ्या तरुणाला हा नियम समजावून सांगणे हे वैद्याचेच काम आहे. स्नायूंचे बळ काही आठवड्यांत वाढते. स्नायुबंध, कंडरा व अस्थी यांना तेच बळ येण्यास महिने लागतात. दंड तयार झाले म्हणून मनगट तयार झाले असे होत नाही.

तपासणी : काय चुकवू नये

रुग्णाला प्रथम वय आणि पडल्याचा इतिहास विचारावा. त्यानंतर एका बोटाने दुखणारी नेमकी जागा दाखवण्यास सांगावे.

१) पडल्यानंतरची वेदना. हात टेकून पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताठ केल्यावर दिसणाऱ्या खळगीत दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड या नौकेच्या आकाराच्या हाडाचा भंग गृहीत धरावा. या हाडाचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडील टोकाकडून येतो. त्यामुळे भंगानंतर मागील तुकड्याला रक्त न मिळून तो निर्जीव होण्याचा धोका असतो. पहिल्या क्ष-किरण चित्रात हा भंग कित्येकदा दिसत नाही. चित्र निर्दोष आले तरी अंगठ्यासह मनगट आधारपट्टीत ठेवून १० ते १४ दिवसांनी पुन्हा चित्र काढावे, किंवा शक्य असल्यास एमआरआय करावा व अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. हा भंग ‘मुरगळला असेल’ म्हणून चोळला गेला तर विशीतील तरुणाला कायमचे दुखरे व ताठर मनगट मिळते आणि भरतीचे स्वप्नही संपते.

२) वाढीचे वय. साधारण १७-१८ वर्षांपर्यंत बहिःप्रकोष्ठास्थीच्या खालच्या टोकाची वाढपट्टी उघडी असते. जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब किंवा अतिरिक्त जोर करणाऱ्या मुलांत या पट्टीवर ताण येऊन मनगटाच्या किंचित वर अंगठ्याच्या बाजूस दुखते. अशा वेळी हातावर भार देणारा व्यायाम पूर्ण बंद ठेवून क्ष-किरण तपासणी करावी. तेल लावून सराव चालू ठेवू देऊ नये.

३) बधिरता. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेचा अर्धा भाग यांत मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटाच्या बोगद्यातील नाडीवर दाब आहे. करंगळीकडे बधिरता असेल तर तळहाताच्या टाचेवर करंगळीच्या बाजूस दाब पडत आहे. दोन्ही प्रकारांत तळहात सपाट टेकणे तत्काळ थांबवावे. पकड कमजोर होत असेल तर तज्ज्ञाकडे पाठवावे.

४) गाठ. मनगटाच्या पृष्ठभागी मऊ अथवा टणक, गोल गाठ आढळल्यास ती बहुधा संधीतील द्रवाची असते. जड वस्तूने ठोकून ती फोडण्याची जुनी रीत घातक आहे. रुग्णाला तसे स्पष्ट बजावावे. न दुखणाऱ्या गाठीस केवळ निरीक्षण पुरते.

५) करंगळीच्या बाजूची वेदना. हात पिळताना, कुलूप उघडताना किंवा खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठताना या बाजूस दुखत असेल तर त्रिकोणी चकतीची इजा संभवते. तिला बरे होण्यास अधिक काळ लागतो.

६) दोन्ही मनगटे. दोन्ही मनगटे सुजलेली, सकाळी तासाहून अधिक काळ आखडलेली आणि बोटांचे लहान सांधेही दुखरे असतील तर कारण व्यायाम नाही. आमवाताचा विचार करावा. सामावस्थेत स्नेहाभ्यंगाने व्याधी वाढतो. तेथे वाळूची पोटली घेऊन रूक्ष स्वेद, लंघन व दीपन-पाचन हा क्रम आहे. चिकनगुनियाची मोठी साथ २००६ मध्ये महाराष्ट्राने अनुभवली आहे. मागील काही महिन्यांतील तापाचा इतिहास विचारण्यास विसरू नये.

चिकित्साक्रम

वरील कारणे वगळल्यानंतर उरते ती अतिश्रमजन्य, स्नायु-संधिगत वाताची वेदना. सुश्रुताने स्नायू, संधी व अस्थी यांत वात आश्रित झाला असता स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन व मर्दन हे उपाय सांगितले आहेत. त्यांची योजना अवस्थेनुसार करावी.

नूतन अवस्था. पहिले तीन-चार दिवस उष्णता व सूज असताना मर्दन व शेक टाळावा. विश्रांती, हलके बंधन, हात उंच ठेवणे आणि लेपगोळी किंवा आंबेहळदीचा लेप एवढे पुरे. लेप वाळून ओढू लागण्यापूर्वी काढावा. त्वचा खरचटलेली असल्यास लेप लावू नये.

जीर्ण अवस्था. सूज ओसरल्यावर नारायण तेल, सहचर तेल अथवा प्रसारणी तेल कोमट करून कोपरापासून बोटांपर्यंत हलक्या हाताने लावावे व त्यानंतर निर्गुंडीच्या पाल्याचा शेक द्यावा. मर्मस्थान असल्यामुळे अंगठ्याने जोराने रगडणे वर्ज्य समजावे. दुखणे मनगटाचे असले तरी अग्रबाहूच्या ताठरलेल्या पेशींना मृदू मर्दन केल्याने अधिक लाभ होतो. अभ्यंतर योगांत त्रयोदशांग गुग्गुळ किंवा योगराज गुग्गुळ आणि अस्थीचा संबंध असल्यास लाक्षादि किंवा आभा गुग्गुळ, रुग्णाचा अग्नी पाहून योजावा. अग्निकर्म जीर्ण व नेमक्या जागी स्थित वेदनेत, मर्म, सिरा व कंडरा टाळून, केवळ अनुभवी हातांनीच करावे.

औषध किती दिवस द्यावे याहून ‘दोन आठवडे तळहात जमिनीवर सपाट टेकू नको’ हे सांगणे अधिक मोलाचे आहे.

जोर काढण्याची निर्दोष पद्धत

चिकित्सालयात पुढील सूचना छापून ठेवाव्यात आणि रुग्णाकडून एकदा समोर करवून घ्याव्यात.

पूर्वतयारी. मनगटे दोन्ही दिशांनी दहा-दहा वेळा फिरवावीत. गुडघे व हात टेकून, बोटे पुढे ठेवून, शरीर हळूहळू पुढे-मागे दहा ते पंधरा वेळा झुलवावे. वेदना सुरू होण्यापूर्वी थांबावे. थंडीत अगोदर मनगटांना कोमट तेल लावावे.

हात टेकणे. तळवे खांद्यांइतक्या किंवा किंचित अधिक अंतरावर असावेत. बोटे पसरलेली आणि मधले बोट सरळ पुढे किंवा थोडे बाहेर वळलेले असावे. भार केवळ तळहाताच्या टाचेवर न टाकता बोटांची पेरे व बोटांच्या मुळांनी जमीन दाबून धरावी, जणू माती मुठीत घ्यावयाची आहे. यामुळे अग्रबाहूच्या पुढील पेशी कार्यरत होऊन मनगट मागे कोसळत नाही. आरंभी खांदे मनगटाच्या बरोबर वर असावेत. कोपरे अंगापासून साधारण ४५ अंशांत ठेवावीत.

मनगट सरळ ठेवण्याचे उपाय. तालमीत जोरासाठी लाकडी ठोकळे अथवा विटा वापरण्याची रीत आहे. मुठीत धरता येईल असा, न घसरणारा ठोकळा घेतल्यास मनगट सरळ राहते आणि कोनाचा प्रश्नच मिटतो. दुसरा उपाय म्हणजे सतरंजीवर मूठ टेकून जोर काढणे. त्यात भार तर्जनी व मध्यमेच्या मुळांवर ठेवावा. तळहातच टेकावयाचा असल्यास टाचेखाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीची घडी घालावी. बोटांकडील बाजू खाली राहून कोन कमी होतो. आखाड्याची मऊ माती आणि उन्हाळ्यात दगडासारखी टणक झालेली काळी जमीन यांत फरक आहे, हेही रुग्णाच्या ध्यानी आणून द्यावे.

भाराचा क्रम. प्रथम भिंत, नंतर ओटा किंवा खाट, नंतर गुडघे टेकून, शेवटी पूर्ण जोर. प्रत्येक पायरीवर निदान एक आठवडा काढावा. व्यायामाच्या वेळी किंचित दुखले तरी चालेल, परंतु ते दुसऱ्या सकाळपर्यंत नाहीसे झाले पाहिजे. न झाल्यास एक पायरी खाली यावे. आठवड्यातून दोन दिवस हातांना पूर्ण विश्रांती द्यावी.

बलवर्धन. ओला पंचा दोन्ही दिशांनी पिळणे आणि अग्रबाहू मांडीवर ठेवून पाण्याने भरलेला लहान तांब्या मनगटाने सावकाश वर-खाली करणे हे दोन उपाय पुरतात. एक दिवसाआड, दहा-दहाच्या दोन आवृत्त्या कराव्यात.

औषधालयांसाठी

मनगटदुखीचा रुग्ण प्रथम काउंटरवर येतो, म्हणून औषधालय चालकांची जबाबदारी मोठी आहे. तेल देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : पडला होतात का? बोटांना मुंग्या येतात का? वय १८ च्या आत आहे का? दोन्ही मनगटे सुजली आहेत का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असल्यास औषध न देता वैद्याकडे पाठवावे. विषगर्भ तेलात वत्सनाभासारखी विषद्रव्ये असतात. ते केवळ बाह्योपयोगासाठी, अखंड त्वचेवर लावावे आणि वापरानंतर हात धुवावेत, हे प्रत्येक ग्राहकास सांगावे. महायोगराज गुग्गुळ भस्मयुक्त आहे. तो चिठ्ठीशिवाय देऊ नये. एका मात्रेत दुखणे गायब करणारी, नाव-पत्ता नसलेली ‘आयुर्वेदिक’ पुडी दुकानात ठेवू नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड अथवा वेदनाशामक मिसळलेले आढळले आहे आणि त्यामुळे रुग्णाबरोबर शास्त्राचीही हानी होते.

समारोप

जोर हा आपल्या मातीतील उत्तम व्यायाम आहे. मनगट दुखले म्हणून तो कायमचा सोडण्यास सांगणे योग्य नाही आणि तेल देऊन तसाच चालू ठेवण्यास सांगणेही योग्य नाही. हाताची ठेवण, मनगटाचा कोन, भाराची पायरी आणि अर्धशक्तीचा नियम या चार गोष्टी सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे प्रत्येक मनगटदुखीच्या रुग्णास वैद्यबंधूंनी अवश्य द्यावीत आणि पडल्याचा इतिहास असलेल्या तरुणाच्या अंगठ्यामागील खळगी दाबून पाहिल्याशिवाय त्याच्या मनगटाला तेलाचा हात लावू नये.